उघडी हळद

आमच्या घरात सरकारी कागद मोठ्याने वाचून दाखवायचे काम माझ्याकडे आले ते मी वाईच्या शाळामास्तरांची मुलगी म्हणून. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा सासरी पुस्तक म्हणावे असे एक पंचांगच होते. मामंजी हळदीचे जुने व्यापारी. माझे यजमान रसायनशास्त्र शिकलेले आणि इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि दिल्लीहून एक इंग्रजी करारनामा घरी आला. पुढे जे झाले त्याबद्दल मला लिहायचे आहे. यजमान आता नाहीत. भेटायला येणारे लोक त्यांच्या कारखान्याविषयी आदराने बोलतात. तो कारखाना उभा राहण्याआधीच एका दुपारी जवळजवळ हातचा गेला होता, हे माहीत असलेली मी एकटी उरले आहे.

करार हळदीच्या अर्काचा होता. हळद दळायची, स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची, मग स्पिरिट उडवून परत धरायचे. तळाशी काकवीसारखा दाट, नारिंगी अर्क उरतो. पोतेभर हळदीचे काम एका डब्यात मावते आणि परदेशात त्याला मागणी असते. ही पद्धत दक्षिणेतल्या एका सरकारी प्रयोगशाळेने बसवली होती.

मामंजी जाजमावर बसून सुपारी कातरत होते. मी एकेक कलम मराठीत सांगत होते.

"शोध कुणी लावला म्हनलीस?"

"सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी."

"मग त्येंच्याकडनंच घ्यायचा की. मधी दिल्ली कशाला?"

मी सांगितले, की तसे चालत नाही. शास्त्रज्ञ सरकारच्या पगारावर, म्हणून शोध सरकारचा. त्याला तो परस्पर कुणाला देता येत नाही. दिल्लीचे एक सरकारी महामंडळ असे शोध गोळा करते, कारखानदारांकडून अर्ज मागवते, करार करून पद्धत वापरायला देते आणि विक्रीवर हक्कशुल्क घेते.

"म्हंजे आडत," मामंजी म्हणाले. "माल एकाचा, गिऱ्हाईक दुसरं, मधी आडत्या. ह्यात नवं काय हाय? आन् ह्ये मुदतीचं कलम?"

"ठरल्या मुदतीत प्रयोगशाळेच्या माणसासमोर माल काढून दाखवायचा. नाही दाखवला तर परवाना परत."

"बरुबर हाय. गाळा घिऊन कुलूप लावून बसला तर मार्केट चालंल कसं?"

माझे यजमान मोठ्याने हसले. त्या आठवड्यात ते बरेच हसत होते.

या सगळ्यामागचा हेतू चांगला होता, असे मला आजही वाटते. प्रयोगशाळांतून शोध लागत होते आणि कपाटांत पडून राहत होते. ते बाहेर यावेत, लहान माणसाच्याही हाती लागावेत म्हणून हे नियम. त्याला जोडून आणखी एक नियम होता. जी पद्धत देशात तयार आहे ती परदेशातून विकत आणायला सरकार सहसा परवानगी देत नसे. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला हाच अर्क परदेशी यंत्रे आणून काढायचा होता. सरकारने त्यांना थांबवून ठेवले होते, कारण देशी पद्धत सांगलीत एका माणसाला दिलेली होती. तो माणूस ती चालवून दाखवू शकला नाही, तर मुंबईची वाट मोकळी. मिरज रस्त्यावरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा प्रात्यक्षिक झाले तेव्हा पंपाने दगा दिला आणि अर्क करपला. महामंडळाने मुदत वाढवून दिली आणि ही शेवटची वाढ असल्याचे स्पष्ट कळवले. त्यानंतर यजमानांचे हसणे कमी झाले. रात्रीचे जेवण झाले की ते उष्ट्या हाताने पाटावर नळ्यांची जोडणी काढत बसत. 

दुसऱ्या प्रात्यक्षिकाला श्रावणात त्या प्रयोगशाळेतले एक शास्त्रज्ञ स्वतः आले. पन्नाशीचे, सडपातळ, कपाळावर गंधाची बारीक रेघ. इंग्रजी आणि कानडी बोलणारे. मामंजींचे अर्धे आयुष्य सीमेपलीकडच्या व्यापाऱ्यांशी बोलण्यात गेलेले, त्यामुळे दोघांची कानडीत लगेच गट्टी जमली. माझ्या वाईला कानडीचा वाराही नव्हता. मी वाढत होते, ते दोघे जेवत होते आणि कशावर तरी हसत होते. मला बरे वाटले. पहिल्या वेळी आलेला तरुण अधिकारी चहासुद्धा नको म्हणाला होता.

आमच्याकडच्या एका रिवाजाबद्दल इथे सांगायला हवे. शेतातून शिजवून वाळवून आलेली हळद ओबडधोबड, मळकट दिसते. ती पिंपात घालून फिरवतात, साल निघते, मग हळकुंडांना हळदीची पूड आणि थोडे एरंडेल चोळतात. माल झळकतो. याला आमच्याकडे कुणी लबाडी म्हणत नाही. नवरी मुलगी दाखवताना तिला धुतल्या पातळात बसवतात, तितकेच ते साधे. न चोळलेल्या मालाला 'उघडी हळद' म्हणतात, आणि उघडी हळद पाहुण्यापुढे ठेवणे हा पाहुण्याचा अपमान. यजमानांनी मामंजींना सांगितले होते, "आबा, प्रात्यक्षिकाला आपली सगळ्यात चांगली हळद द्या." मामंजींनी सगळ्यात चांगली दिली. पोती उघडली तेव्हा शेडमध्ये उजेड पडल्यासारखे झाले. शास्त्रज्ञांनीही एक हळकुंड मोडून आतला रंग पाहिला आणि मान डोलावली.

बॉयलर माझे चुलतदीर सांभाळत. ते फौजेतून निवृत्त झालेले, मिशा ताठ, बोलण्यात निम्मी हिंदी. यंत्राला ते 'तोफ' म्हणत. पहिला दिवस दळण्याभिजवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पिरिट उडवायला सुरुवात झाली. मी चहा घेऊन गेले आणि परतलेच नाही, दाराशी उभी राहिले. पंप चालला. सांध्यांतून एक थेंब गळला नाही. दुपारच्या सुमाराला अर्क भांड्यात उतरला, काट्यावर चढला, आणि दीर ओरडले, "उतारा बघा उतारा! फत्ते!"

साखरेच्या मुलखातली माणसे आम्ही. उतारा म्हणजे किती मालातून किती निघाले, हे इथे पोराबाळांना कळते. प्रयोगशाळेने कागदावर दिलेल्या आकड्यापेक्षा आमचा उतारा चांगलाच जास्त होता. मामंजींनी दिरांना म्हटले, "बघतोस काय गड्या, पेढं आन." यजमानांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती. तो न पुसताच ते हसत होते.

शास्त्रज्ञ हसत नव्हते. त्यांनी पुन्हा वजन करायला लावले. मग काचेच्या कांडीवर अर्क घेतला, दोन बोटांत चोळला, वास घेतला. बॅगेतून एक लहानशी कुपी काढली. त्यांच्या प्रयोगशाळेत काढलेला अर्क तिच्यात होता. दोन्हींचा एकेक थेंब सारख्या स्पिरिटमध्ये टाकून त्यांनी दोन परीक्षानळ्या दाराच्या उजेडात धरल्या. मी दाराशीच होते, त्यामुळे मला नीट दिसले. त्यांची नळी गर्द, आमची फिकी.

"एवढा उतारा आमच्याकडेही येत नाही," ते यजमानांना इंग्रजीत म्हणाले. "वजन वाढलं आणि रंग कमी झाला. याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको."

यजमानांनी नळ्या हातात घेतल्या. उजेडाकडे धरल्या, खाली केल्या, पुन्हा धरल्या.

"काहीतरी बिनरंगी, तेलकट यात मिसळलं आहे," शास्त्रज्ञ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण कोरडा झाला. "शेवटची मुदत आहे हे मला माहीत आहे. माणूस अशा वेळी काय करतो, तेही माहीत आहे. मागे एकाने असंच केलं होतं."

दीर पेढे आणायला निघाले होते ते उंबऱ्यातच थांबले. इंग्रजी त्यांना कळत नव्हते, चेहरे कळत होते. शास्त्रज्ञ कोपऱ्यातल्या उरलेल्या पोत्याकडे गेले. एक हळकुंड काढून त्यांनी ते आपल्या पांढऱ्या रुमालावर घासले. रुमालावर पिवळा पट्टा उमटला आणि त्याच्या कडेने तेलाची ओल पसरत गेली.

त्या क्षणी यजमानांना कळले. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांची नजर रुमालावरून वडिलांकडे गेली आणि तिथून लगेच जमिनीवर आली. ज्या घरात ते वाढले तिथे हळद अशीच झळकायची. ती झळाळी कुठून येते हे त्यांना लहानपणापासून माहीत होते, म्हणूनच पोती उघडताना ते मनात आले नाही.

"हे कोणी केलं?" शास्त्रज्ञांनी विचारले.

"कारखाना माझा आहे," यजमान म्हणाले. "जबाबदारी माझी."

"मी ते विचारलं नाही."

यजमानांनी हातातल्या नळ्या खाली ठेवल्या. वडिलांचे नाव परक्या माणसासमोर, तेही अधिकाऱ्यासमोर, ते घेणार नव्हते. मामंजींनी आयुष्यभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितले होते, की आमच्या मालाचा रंग अंगचा आहे. चोळतात हे सगळे जाणत, पण तोंडाने कुणी कबूल करत नसे. मुलाने उठून ते खोटे पाडायचे, तर त्यापेक्षा परवाना गेलेला बरा, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले असावे. मला राग आला. त्या रागात नोकरी सोडल्यापासूनची सगळी वर्षे होती.

"मग मला जे दिसलं तेच लिहावं लागेल," शास्त्रज्ञ म्हणाले आणि बॅगेचा पट्टा सोडू लागले. संध्याकाळी मिरजेहून त्यांची गाडी होती.

मामंजी खुर्चीवरून उठले. "सूनबाई, काय म्हंत्यात साहेब?"

यजमानांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. मी त्यांच्याकडे पाहिले, मग मामंजींकडे. कागद वाचून दाखवताना मी कधी एक शब्द गाळला नव्हता.

"मामंजी, ते म्हणतात आपण मुद्दाम अर्कात तेल मिसळलं. उतारा वाढावा म्हणून. ते तसं दिल्लीला लिहिणार आहेत. मग परवाना जातो."

"तेल? अर्कात कोन कशापायी तेल..." ते बोलता बोलता थांबले. रुमाल अजून पोत्यावर पडलेला होता. त्यांनी तो उचलला, पट्ट्यावरून अंगठा फिरवला. बॉयलरची शिट्टी बारीक वाजत होती. दिरांनी जाऊन ती बंद केली, तेव्हा शेडमध्ये इतके शांत झाले की पत्र्यावर चालणारा कावळा ऐकू आला.

मग ते शास्त्रज्ञांसमोर गेले आणि कानडीत बोलायला लागले. मला त्यातले दोनच शब्द ओळखू येत होते, मिरजेच्या दुकानांत कानावर पडलेले. अरिशिन म्हणजे हळद आणि एण्णे म्हणजे तेल. ते दोन शब्द पुन्हा पुन्हा येत होते. मामंजी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून दाखवत होते. शास्त्रज्ञांनी काहीतरी विचारले. मामंजींनी आधी पोत्यांकडे, मग स्वतःच्या छातीकडे बोट केले. माझे सासरे कुणासमोर मान खाली घालून बोललेले मी तोवर पाहिले नव्हते. यजमान भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांना थोडीफार कानडी कळत असे.

शास्त्रज्ञांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग यजमानांना इंग्रजीत म्हणाले, "तुमचे वडील म्हणतात, पाहुण्याला बिनतेलाची हळद दाखवायची लाज वाटली. गेल्या आठवड्यात स्वतः बसून चोळली. या वेळी जरा जास्तच, कारण मी सरकारी पाहुणा." त्यांनी कपाळ चोळले. "आमच्याकडे माल थेट शेतातून येतो. मी हळकुंड मोडून आत पाहिलं, बाहेर पाहिलं नाही. पण हे ऐकून मी काय करू? बोलण्यावर अहवाल लिहिता येत नाही."

"पुन्हा काढून दाखवतो," यजमान म्हणाले.

"कशातून? अशी न चोळलेली हळद आहे तुमच्याकडे, आत्ता?"

यजमानांनी वडिलांना मराठीत विचारले.  उघडी हळद होती. ती हरिपूरला पेवात होती.

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले कोठार. हरिपूरच्या मातीत ओल झिरपत नाही, म्हणून उन्हाळ्यात हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकतात आणि भाव आला की काढतात. पेव एकदा उघडले की सगळा माल बाहेर काढावाच लागतो. उघड्या पेवात तो बुरसतो. त्यात श्रावणातली हवा, आणि भाव पडलेला. मामंजी वर्षभराचा माल दिवाळीनंतरसाठी राखून बसले होते.

"आबा, नको," यजमान म्हणाले. "एवढ्यासाठी नको."

"मग कशासाठी?" मामंजी म्हणाले आणि दिरांकडे वळले. "हमाल बोलव. ताडपत्र्या घे."

शास्त्रज्ञांनी मिरजेच्या गाडीचे काय, असे विचारले नाही. "मी अजून अहवालावर सही केलेली नाही," एवढेच म्हणाले. "सही होईपर्यंत प्रात्यक्षिक चालूच आहे, असं मी धरतो." हरिपूरला निघायला आमच्या जीपमध्ये बसताना मात्र मला म्हणाले, "माझ्या कपाटात बारा वर्षांत बसवलेल्या पद्धती आहेत. त्यातली एकही कारखान्यात चालताना मी पाहिलेली नाही. पण त्यासाठी खोटं लिहिणार नाही, हे त्यांना सांगा." मी मान हलवली. ते कुणाला सांगायचे हे मला कळले नाही.

हरिपूरला नदीवरून दमट वारा येत होता, आभाळ उतरले होते. हमालांनी माती ओढली, फळ्या सरकवल्या. आतून कोंडलेला, उष्ण, हळदीचा दर्प वर आला. मामंजींनी कंदील दोरीला बांधून आत सोडला. तो खाली गेला आणि विझला. आत माणसाला श्वास घेण्याजोगी हवा नाही, असा त्याचा अर्थ. थांबायचे. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. पलीकडे विजेचा एक लोळ दिसला.

"आबा, मैं जाता हूं," दीर दोरी कमरेला गुंडाळत म्हणाले. "नाकाला रुमाल बांधतो. जलदी एक पोतं काढून येतो."

"थांब रं! लय शूर हायस ते ठाव हाय. हितं दुश्मन दिसायचा न्हाई, नुस्ता दम कोंडून मरशील."

"पाऊस आला तर सगळा माल जाईल."

"माल जाईल. तू न्हाई जायचास. सोड ती दोरी!"

सगळे तोंडे पाडून पेवाच्या काठाशी बसलो.  यजमान माझ्या शेजारी होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारले, "तू का सांगितलंस त्यांना?" मी म्हटले, "त्यांनी विचारलं." त्यांनी पायाशी पडलेली फळी उगाच सरळ केली. त्यांना माझा राग आला आहे की काय, याचाच विचार मी करत राहिले. आम्ही इतकी वर्षे एकत्र काढली, पण तो प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही नाही.

तिसऱ्या वेळी कंदील तळापर्यंत गेला आणि तेवत राहिला. हमाल उतरले. पहिले पोते वर आले ते यजमानांनी स्वतः जीपमध्ये टाकले आणि ते शेडकडे गेले. शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर. बाकीची पोती मामंजी अंधार पडेपर्यंत ताडपत्रीखाली रचून घेत राहिले. सरी आल्या, थांबल्या, पुन्हा आल्या. थोडा माल भिजला. बराचसा वाचला.

दुसरा अख्खा दिवस पुन्हा दळण्याभिजवण्यात गेला. त्याच्या पुढच्या दुपारी अर्क काट्यावर चढला. प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा तो किंचित कमी भरला. दिरांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते बाहेर गेले. शास्त्रज्ञांनी दोन नळ्या दारात धरल्या. या वेळी मला कुठली कुणाची ते ओळखता आले नाही.

"हा खरा आकडा आहे," ते म्हणाले. "मोठ्या यंत्रात एवढा फरक पडायचाच. करारात तेवढी मोकळीक ठेवली आहे." ते तिथेच बॉयलरच्या विटांवर बसले आणि मांडीवर कागद घेऊन लिहू लागले. लिहिताना त्यांनी यजमानांना शेजारी बसायला सांगितले.

सही झाली. मुंबईला नकार जाणार हे ठरले. पण मामंजी शेडमध्ये नव्हते. ते सकाळपासून मार्केट यार्डात होते, कारण पेवातून काढलेला माल ठेवून भागणार नव्हते. यजमान स्कूटर काढून निघाले. मी मागे बसले. फाटकाशी मी थांबले. आत बायका जात नसत. तिथून मामंजींचे दुकान समोर दिसत होते. पुढ्यात हळदीची रास, भोवती खरेदीदार आणि मधोमध ते उभे. यजमान गर्दीच्या कडेला जाऊन उभे राहिले. मामंजींनी त्यांना पाहिले. सौदा चालू असताना मालधनी दुसऱ्याशी बोलत नाही. यजमानांनी नुसती मान हलवली. मामंजींनी डोळे मिटले आणि उघडले.

एका खरेदीदाराने राशीतले हळकुंड उचलून तोंड वाकडे केले. "आवं आबा, ह्ये काय? तुमचा माल आन् असला? झळाळी कुठं गेली?"

आजूबाजूचे हसले. एक जण म्हणाला, "आबांचं एरंडेल संपलं वाटतं!"

"उघडी हाय," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला. "चोळल्याली न्हाई. मोडून आत बघा आन् मग बोला."

त्याने हळकुंड मोडले. आत पाहिले. मग हळूच, कालच्या भावापेक्षा कमी असलेली पहिली बोली बोलला. मामंजी तिथून हलले नाहीत, पुढची बोली ऐकायला राशीपाशी तसेच उभे राहिले.